विकायच्या गाडीला रंग

बोईसरच्या शोरूममागच्या आवारात पुष्पलता तामोरेने आपली पिकअप एका दमात मागे घेतली आणि दोन टेम्पोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अशी उभी केली, की तिथे पाने-पकडी घेऊन बसलेले दोघे मेकॅनिक काम सोडून बघत राहिले. ते बघताहेत हे तिला दिसलं आणि बरंही वाटलं. बाईला आपल्या गाडी चालवण्याचा ताठा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नऊ वर्षं ती चिंचणीच्या किनाऱ्यावरून मासळी भरून बोईसरच्या बाजारात आणत होती, तीही स्वतः स्टिअरिंगवर बसून. ज्या रस्त्यावर कारखान्यांचे टँकर सगळा रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखे धावतात, त्या रस्त्याने. आणि नऊ वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. असा ताठा कुणालाही शोभला असता.

दुसऱ्या बाजूने तिचा नवरा भिका उतरला. उतरल्या उतरल्या त्याने दार लावलं आणि त्याच दाराला पाठ टेकून उभा राहिला. त्याची कंबर जुनी धरलेली, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची, यासाठी दोघं आली होती. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, पण किमतीतला जो वाटा पदरचा घालायचा, तो पुष्पलताच्या पदरात नव्हताच. तो या जुन्या गाडीतूनच निघायचा होता. शोरूममधल्या मेहुल नावाच्या मुलाने फोनवर गाडीचं वर्ष आणि किलोमीटर विचारून, 'तीनच्या आसपास येतील मावशी, पण गाडी बघून सांगतो,' असं म्हटलं होतं. तीन लाख आले तर प्रश्नच नव्हता. पावणेतीन आले तरी ती ओढूनताणून बसवणार होती. त्याच्या खाली आले तर नवी गाडी नाही.

आणि नवी गाडी नाही म्हणजे धंदा नाही. गेल्या हंगामात जुन्या इंजिनाने तिला पुन्हा पुन्हा रस्त्यात बसवलं होतं. शेवटच्या वेळी तर कुरगावच्या पुढे, भर उन्हात. मागच्या हौद्यात तिच्या एकटीचा माल नव्हता, पाड्यातल्या आणखी पाच-सहा बायकांच्या पाट्या होत्या. बर्फ वितळून हौद्याला धार लागली, पापलेटं मऊ पडली आणि त्या दिवशी बाजारात बायकांना मातीमोल भाव मिळाला. शेजारची नलू गाडीत माल टाकणारी सगळ्यांत जुनी. तिने त्या संध्याकाळी दारात येऊन सांगितलं, "पुष्पे, तुला सोडून जायला मन नाय होत. पण औंदा बंदी उठली का पयल्या दिवशी गाडी उभी पायजे. नायतर आमी एजंटच्या टेम्पोत माल टाकू." एजंटच्या टेम्पोत माल टाकला की भावही एजंटचाच, हे नलूला कळत नव्हतं असं नाही. पण सडलेल्या मासळीपेक्षा तो भाव बरा, असं तिचं म्हणणं होतं.

मासेमारीची पावसाळी बंदी उठायला आता एक आठवडा राहिला होता. शोरूममध्ये पिकअप एकच शिल्लक होती आणि तिच्यावर सफाळ्याच्या एका भाजीवाल्याचाही डोळा होता. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, एवढी मुदत त्यांना मिळाली होती.

मेहुल आला तो हातात मोबाइल आणि बिडीच्या बंडलाएवढं एक यंत्र घेऊन. पोरगा नीटनेटका, बोलायला गोड, पण नजर गाडीवरून ढळू न देणारा. त्याने इंजिन सुरू करून ऐकलं, टायर बघितले, खाली वाकून चॅसी बघितली. हौद्याचा तळ बोटाने खरवडला तर गंजाची पापडी हातात आली.

"मावशी, तळ खाल्लाय. याचे पैसे कापावे लागतील."

"काप. मासळीची गाडी हाय, खारं पाणी पडणारच. टायर बी मागचे गेलेत, ते बी काप. मी उगा भांडायची नाय."

मेहुल हसला. असं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावं. मग त्याने ते छोटं यंत्र बॉनेटला लावलं. यंत्र टुक् करून वाजलं. त्याने आकडा बघितला, परत लावलं, परत बघितलं. मग चालकाच्या बाजूचं दार, मग छप्पर, मग मागचा हौदा. एकेका ठिकाणी त्याचा चेहरा उतरत गेला.

"मावशी, गाडी पूर्ण रंगवलीये?"

"हो. गेल्याच पंधरवड्यात," पुष्पलता उजळून म्हणाली. "घरीच लावला. ब्रशचा वाटत नाय ना?"

ब्रशचाच वाटत होता. पांढऱ्या ऑइलपेंटचे ओघळ दाराच्या कडेला सुकले होते आणि खाली निळ्या-लाल रंगाचा पट्टा होडीच्या काठासारखा फिरवला होता. पट्टा भिकाने ओढला होता. हात कापत असतानाही सरळ ओढला होता.

"हे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे," मेहुल म्हणाला. "कंपनीचा रंग पातळ असतो. तुमच्या गाडीवर सगळीकडे दुप्पट-तिप्पट आहे. आम्हाला नियम आहे, पूर्ण रंगवलेली गाडी असली की अपघाताची धरायची. पुढे बघायची गरजच नाही." आणि त्याने यंत्र खिशात टाकलं. "दोन दहा होतील."

पुष्पलताला आधी कळलंच नाही. दोन दहा म्हणजे काय? मग कळलं. दोन लाख दहा हजार.

"अपघाताची? माझी गाडी? अरे, नऊ वर्षांत हिला कुत्रं सुद्धा घासून गेलं नाय!"

"मी खोटं म्हणत नाही, मावशी. पण रंगाखाली काय आहे ते मला दिसत नाही ना. रंगवली नसती तर जवळजवळ तीन दिले असते."

रंगवली नसती तर! इथे थोडं थांबून सांगायला हवं. तामोऱ्यांच्या घरात होडी विकायची झाली, तर ती तशीच उघडीबोडकी दुसऱ्याच्या दारात पाठवत नसत. आधी रंग, मग नारळ, मग व्यवहार. घेणाऱ्याने होडी बघायची ती नटलेली बघायची. दहा वर्षांपूर्वी भिकाची स्वतःची होडी गेली तेव्हाही त्याने तिला आठ दिवस राबून रंग दिला होता, कंबर धरलेली असताना. भिका तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. त्याच्या शब्दावर खलाशी दर्यात जायचे आणि त्याच्या शब्दावर माघारी यायचे. कंबरेने दगा दिला, होडी विकावी लागली आणि त्या पैशांतून ही पिकअप आली. पहिला चालक पिऊन पडायला लागला तेव्हा पुष्पलता स्वतः चालवायला शिकली. बंदरावरच्या पुरुषांनी काय काय टोमणे मारले ते तिला अजून पाठ होते. त्यांचं तोंड तिने त्याच न लागलेल्या ओरखड्याने बंद केलं होतं.

तर आता गाडी विकायची म्हटल्यावर भिकाच आपणहून म्हणाला होता, "रंग देऊया गो हिला. होडीला दिला, हिला काय म्हणून नाय?" पुष्पलताला ते इतकं आवडलं होतं, की तिने त्याच दिवशी डबे आणले. बंदीच्या दिवसांत तसंही काम थोडं. दोघांनी मिळून रंग लावला, आणि इतक्या दिवसांनी नवरा काहीतरी मन लावून करतोय हे बघून तिला आतून सुख वाटलं होतं. आणि आता हा पोरगा सांगत होता की त्या रंगाने ऐंशी-नव्वद हजार बुडाले.

ती तडक आत गेली. आत काचेच्या केबिनमध्ये हिना बसली होती, जुन्या गाड्यांचा विभाग बघणारी मॅनेजर. पस्तिशीची, शांत. पुष्पलताने होडीपासून सगळं सांगितलं, बोलता बोलता तिचा आवाज चढला, बाहेर नव्या गाड्या बघायला आलेली माणसं वळून बघायला लागली. हिना हसली नाही, हे तिचं चांगलं.

"मावशी, मला तुमचं पटतंय," ती म्हणाली. "पण ही गाडी उद्या मी दुसऱ्याला विकणार. त्याला मी होडीची गोष्ट सांगू का? तो मीटर लावणार, आणि मला म्हणणार, मॅडम, अपघाताची गाडी गळ्यात मारताय."

"मंग माझ्या गळ्यात काय मारताय? न झालेला अपघात?"

हिनाने आकडा बदलला नाही. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

पुष्पलता बाहेर आली. भिका अजून तिथेच, दाराला टेकून.

"काय बोलली?"

"तेच. दोन दहा."

"जाऊ दे मंग," भिका घाईघाईने म्हणाला. "ऱ्हाऊ दे नवी गाडी. हिचंच इंजिन बांधून घेऊ. चल घरी."

पुष्पलता त्याच्याकडे बघतच राहिली. "इंजिन बांधून? कशानं बांधणार? आणि एका आठवड्यात? नलूला काय सांगू, का आमचा रंग आमाला नडला म्हणून तू जा एजंटकडे?"

"अगो, पण वाद घालून काय उपेग..."

"वाद नाय घालायचा? गाडीला खोटं नाव ठेवतात, ती बी माझ्या हातातल्या गाडीला, आणि मी गप बसू?"

तिला राग आला होता तो मेहुलपेक्षा भिकाचा जास्त. दर्यात वादळाला तोंड दिलेला माणूस एका पोराच्या मीटरपुढे असा गळाठतो, हे तिला बघवेना. ती तशीच मेहुलकडे वळली.

"रंगाखाली काय हाय ते तुला दिसत नाय म्हणतोस ना? रंग काढला तर दिसेल?"

मेहुलने डोकं खाजवलं. "दिसेल. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला थिनर लावून फडकं मारलं तरी तो सहज निघत नाही. तुमचा घरचा रंग निघून जाईल. गॅरेजमध्ये मारलेला असेल तर तोही निघतो, आणि खाली चेप भरायला लावलेली पुट्टी असेल तर तीही दिसते. पण मावशी, अख्खी गाडी कोण पुसणार?"

"मी."

"आत्ता?"

"मंग काय बंदी उठल्यावर?"

मेहुल आत जाऊन हिनाला विचारून आला. हिना स्वतः बाहेर आली आणि म्हणाली की प्रत्येक पत्र्यावर हातभर जागा मोकळी करा, खाली कंपनीचा रंग निघाला तर त्या पत्र्याचा एक रुपया कापणार नाही. सरळ बोलली. मेकॅनिकांपैकी एकाने थिनरचा डबा आणि जुनी फडकी आणून दिली. "अम्मा, मुँह पे कपड़ा बाँध लो," तो म्हणाला, "चढ़ता है ये."

पुष्पलताने पदर तोंडाला गुंडाळला, लुगडं वर खोचलं आणि बॉनेटला भिडली.

थिनर ओतला की दोघांनी राबून लावलेला रंग साय सुटावी तसा सुटायचा. फडक्यावर पांढरा चिखल यायचा. ती घासत राहिली, घासत राहिली, आणि एका क्षणी फडकं कोरडं फिरायला लागलं. खाली जुना, जरा पिवळट पडलेला, पण गुळगुळीत पांढरा रंग. ती घासतेय तरी तो हलेना. मेहुलने मीटर लावलं. टुक्. "कंपनीचा," तो म्हणाला.

पुष्पलताने फडकं बदललं. चालकाच्या बाजूचं दार. टुक्. कंपनीचा. उजवा पुढचा पत्रा. कंपनीचा. छपरासाठी ती हौद्यात चढली आणि तिथून ओणवी होऊन घासायला लागली. तिचे डोळे चुरचुरत होते, नाकातून पाणी येत होतं, हाताची कातडी पांढरी पडून ओढल्यासारखी झाली होती. आवारात माणसं गोळा झाली. नवी गाडी घ्यायला आलेला एक शेतकरी आपल्या मुलाला म्हणाला, "बघ, अशी गाडी सांभाळायची." ते तिच्या कानावर पडलं आणि तिने आणखी जोर लावला. प्रत्येक टुक् बरोबर भावाचा आकडा वर सरकत होता, हे तिला मेहुलच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. दोन दहाचे दोन तीस झाले असतील, दोन पन्नास झाले असतील. मेहुल आता हसायला लागला होता. त्यालाही मनातून तीच जिंकायला हवी होती.

"झालं मावशी, मागचा हौदा झाला, डावा पुढचा पत्रा झाला. हे एक दार झालं की मी तुम्हाला तुमचा भाव देतो." तो भिकाकडे वळला. "काका, जरा सरता का?"

भिका सरला नाही.

"काका?"

"त्याची काय गरज हाय?" भिका म्हणाला. "एवढं सगळं बघितलं. एका दारानं काय होतंय?"

"एक राहिलं तर मॅडम ऐकणार नाहीत."

"अवो, सरा की," पुष्पलता हौद्यातून उतरत म्हणाली. "दम लागला मला. संपवू द्या."

भिका तरीही हलला नाही. उलट त्याने दोन्ही हात मागे नेऊन दाराला धरलं, आणि पुष्पलताने त्याच्या तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याचं तोंड नाना तऱ्हांनी बघितलं होतं. होडी गेली त्या दिवशीचंही बघितलं होतं. असं नव्हतं बघितलं.

तिला कळलं. सगळं एकदम नाही, पण जे कळायचं ते कळलं.

दोन वर्षांपूर्वी ती विषमज्वराने आडवी पडली होती. सफाळ्याला भाच्याची हळद होती आणि भिका हट्टाने गाडी घेऊन एकटाच गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा तो तिसऱ्या दिवशी आला. टायर बसला म्हणाला. मग आठवडाभर तिच्या उशाशी बसून पेज भरवली, आणि तिला वाटलं होतं, बघा, माणसाला किती काळजी. ती बरी झाली तेव्हा डाव्या बाजूचं दार लावताना तिला ते जरा जड वाटलं होतं. पण तापाने हातातलं बळ गेलं म्हणून असेल, असं तिने स्वतःलाच समजावलं होतं. आणि रंग! होडीला दिला, हिला काय म्हणून नाय. ते डबे, ते मन लावून काम करणं, ते तिचं आतलं सुख.

अंगाचा नुसता जाळ झाला तिच्या. तोंडाशी शब्द आले होते, आणि ते बोलली असती तर या सगळ्या माणसांदेखत भिका तामोरे मातीत गेला असता. ती दोन पावलं पुढे आली.

"सर," ती म्हणाली. एवढंच.

भिका सरला.

तिने थिनर ओतला. फडक्यावर त्यांचा रंग आला, पांढरा चिखल. तो निघाला, पण फडकं कोरडं फिरेना. पांढरा येतच राहिला, मग करडा, मग हाताखाली खडबडीत लागलं आणि पिवळसर पुट्टीचा वीतभर तुकडा उघडा पडला. मेहुलने मीटर लावलं. पुट्टी इतकी जाड होती, की यंत्राने आकडासुद्धा दाखवला नाही.

तो मघाचा शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दुसरीकडे बघायला लागला.

"मावशी," मेहुल हळूच म्हणाला, "हे कधीचं?"

पुष्पलताने फडकं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. नऊ वर्षं ती बंदरावर, बाजारात, नाक्यावर एकच वाक्य सांगत आली होती, माझ्या हातून गाडीला ओरखडा नाय. त्या वाक्यावर बायका तिच्या मागे हौद्यात माल टाकायच्या आणि स्वतःही चढून बसायच्या.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "माझ्याच हातून ठोकली होती. इसरलेच होते मी."

तिचा आवाज सरळ होता. मेहुलने मान खाली घालून मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. दोघा मेकॅनिकांपैकी एक दुसऱ्याकडे बघून किंचित हसला, आणि ते हसणं भिकाला दिसलं.

"खोटं बोलते ती."

सगळ्यांनी वळून बघितलं. भिका दारापासून दूर, मोकळ्यात उभा होता. टेकायला काही नव्हतं म्हणून जरा वाकलेला.

"मी ठोकली. सफाळ्याला, विजेच्या खांबाला. ही तापानं पडली होती, हिला ठाऊक बी नाय. तिथंच गॅरेजात दार भरून घेतलं आणि हिला टायर बसला बोललो. रंग बी मीच लावायला सांगितला, हे झाकायला. हिच्या हातून या गाडीला कंदी काय झालेलं नाय."

"अवो, बास," पुष्पलता पुटपुटली.

"बास नाय. पोरा, लिव तिथं. भिका तामोरेनं ठोकली."

मेहुल गोंधळला. "काका, कोणी ठोकली याने किमतीला काही फरक पडत नाही."

"किमतीला नाय पडत," भिका म्हणाला. "हिला पडतो."

मेहुलने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पुष्पलताकडे. मग खरोखरच काहीतरी टाइप केलं. काय ते त्याचं त्याला माहीत. त्याच्या त्या अर्जात असल्या गोष्टीला जागा असेल असं वाटत नाही.

हिनाने शब्द पाळला. एका दाराचे कापले, गंजाचे कापले, टायरचे कापले, बाकी पूर्ण धरले. दोन लाख ऐंशी हजार. पुष्पलताने आकडा ऐकला, मान हलवली आणि सही केली. हवा होता तो भाव आला होता, आणि तिला आनंद म्हणून काही वाटत नव्हतं. नवी गाडी तयार व्हायला चार दिवस होते. तोवर जुनी तुमच्याकडेच ठेवा, असं हिना म्हणाली.

दोघं पास्थळच्या रस्त्याने चिंचणीकडे निघाली. गाडीचं रूप असं झालं होतं, की समोरून येणारे वाहनवाले मान वळवून बघत होते. जागोजागी पुसलेली, जागोजागी रंगलेली, आणि डाव्या दारावर तो पिवळा डाग. पुष्पलतानेच विषय काढला.

"मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुमाला?"

भिका काचेकडे तोंड करून बसला होता. "होडी गेली," तो म्हणाला. "मंग बायको गाडी चालवते आणि आपण बाजूला बसतो. बसलो. मंग एकदा चालवली, ती बी खांबाला घातली. एवढी लाज एकाच घरात कुठं ठेवणार होतो?"

पुष्पलताचा राग गेला नव्हता. दोन वर्षं टायरची थाप पचली, रंगाच्या डब्यांपायी तिने आनंदाने घाम गाळला, हे काही लगेच विसरण्यासारखं नव्हतं. पण त्या आवारात त्याला टेकायला काही नसताना तो उभा राहिला होता, तेही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दोन्ही एकदम मनात होती आणि दोन्हींचा तिला त्रास होत होता.

चिंचणीच्या नाक्यावर नलू वाटच बघत उभी होती. गाडी दिसताच धावत आली आणि काचेशी तोंड घालून म्हणाली, "अगो, भाव आला का?"

"आला," पुष्पलता म्हणाली. "पयल्या दिवशी गाडी उभी. सांग सगळ्यांना."

"आला गो बाय!" नलूने हात जोडले. मग तिची नजर गाडीवर फिरली. "आणि ही अशी काय केलीत?"

"डावं दार मी ठोकलं होतं," पलीकडून भिका वाकून म्हणाला. "दोन वर्सांमागं, सफाळ्याला. हिनं नाय."

नलू एकदा त्याच्याकडे, एकदा पुष्पलताकडे बघायला लागली. भिका तेवढ्यावर थांबला नाही. नाक्यावरच्या चहावाल्याने नुसतं 'काय तांडेल' म्हणून हात केला, तर त्यालाही हाक मारून त्याने तेच सांगितलं. सायकल घेऊन चाललेल्या शाळेच्या शिपायालाही सांगितलं, ज्याला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं.

"अवो, आता गप बसा," पुष्पलता शेवटी म्हणाली. "आणखी किती जणांना सांगणार?"

"गाव मोठं हाय," भिका म्हणाला आणि काच पूर्ण खाली केली.

पुष्पलताने गाडी पाड्याकडे वळवली आणि पहिल्या गिअरवरच, माणसाच्या चालीने ठेवली.